जमीन आणि जामीन

एक काना. एक उभी रेघ. पण ती कुठे उभी राहते, यावर कधी कधी घरदार अवलंबून असते. हे दोन शब्द मोठ्याने वाचा:

जमीन.

जामीन.

पहिल्या शब्दात 'ज' मोकळा आहे. दुसऱ्या शब्दात 'ज'ला काना आहे. बाकी सारे सारखे.

तुम्ही आता अक्षरे जोडून वाचू लागला आहात. एसटीची पाटी वाचता, दुकानाचे नाव वाचता. पाटी वाचताना एखादे अक्षर चुकले, तर फार तर पुढच्या थांब्यावर उतरावे लागते. कागदाचे तसे नाही. म्हणून या पाठात आपण सारखे दिसणारे आणि सारखे वाटणारे काही शब्द घेऊ. सगळेच नाही घ्यायचे. जे शब्द सहीच्या आणि अंगठ्याच्या आसपास येतात, तेवढेच घेऊ.

जमीन म्हणजे शेत, जागा, भुई. हे सांगायला नको. जामीन म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाची हमी घेणारा माणूस. त्यालाच जामीनदार म्हणतात. कोर्टातून आरोपीला सोडवतात तोही जामीनच. पण इथे आपण कर्जाच्या कागदापुरते बोलू.

संध्याकाळी मेव्हणा येतो. चहापाणी होते. मग तो पिशवीतून कागद काढतो. "दाजी, नुसती सही करायचीय. साक्षीला." दाजी सही करतात. नात्यातले काम, नाही कसे म्हणायचे?

आता गंमत अशी की साक्षीदार आणि जामीनदार यांच्या सह्या कधी कधी एकाच पानावर, एकाखाली एक असतात. दोन्ही शब्दांच्या शेवटी 'दार' आहे. घाईने वाचणारा शेवटचे 'दार' तेवढे वाचतो. पण फरक केवढा! साक्षीदार म्हणतो, 'याने माझ्यासमोर सही केली.' उद्या कोर्टाने बोलावले, तर जे पाहिले ते सांगायचे. पैसे भरायचे नाहीत. जामीनदार म्हणतो, 'याने फेडले नाही तर मी फेडीन.'

आपल्याकडे १८७२ सालचा कराराचा कायदा आहे. त्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. करारात वेगळे लिहिले असेल तर गोष्ट निराळी. पुष्कळांना वाटते की आधी कर्जदाराचे सारे विकतील, आणि मग काही उरलेच तर आपल्याकडे येतील. तसे नसते. बँक थेट जामीनदाराकडेही वसुलीला येऊ शकते. मुद्दल, व्याज, खर्च, सगळ्यासाठी. जामीनदाराने भरलेले पैसे पुढे कर्जदाराकडून मागण्याचा हक्क त्याला असतो, हे खरे. पण ज्याला बँकेचे फेडता आले नाही, तो जामीनदाराचे कधी फेडणार, हे ज्याचे त्याने ओळखावे.

तेव्हा सहीच्या रेघेखाली काय छापले आहे, ते बोट ठेवून वाचावे. तेवढ्याने मेव्हणा रागावत नाही. आणि रागावलाच तर चार दिवस.

आता पासबुक उघडा. त्यात दोन रकाने असतात. एकावर 'नावे' लिहिलेले असते आणि दुसऱ्यावर 'जमा'. काही पासबुकांत त्यांच्या जागी 'डेबिट' आणि 'क्रेडिट' असे असते. डेबिट म्हणजे नावे. क्रेडिट म्हणजे जमा.

'नावे' या शब्दाशी नवा वाचक हमखास अडखळतो, आणि त्यात त्याचे काही चूक नाही. आपण म्हणतो, "हे घर माझ्या नावे आहे." म्हणजे घर माझे. मग 'दोन हजार रुपये नावे' असे वाचले की वाटते, दोन हजार आपले झाले. खरे तर ते खात्यातून गेलेले असतात!

हे समजायला किराणा दुकानाची वही आठवा. तुम्ही तेल-मीठ उधार नेता. दुकानदार ती रक्कम तुमच्या नावे मांडतो. सुगी झाल्यावर पैसे देता. दुकानदार ते जमा करून घेतो. म्हणजे तुम्ही घेतले ते नावे, आणि तुम्ही दिले ते जमा. बँकेची रीत हीच आहे. तुम्ही पैसे काढले, म्हणजे घेतले. ते नावे. तुम्ही पैसे भरले, म्हणजे दिले. ते जमा. बँक वर्षात जे व्याज देते, तेही जमेलाच पडते, कारण ते तुमच्या हातात न येता खात्यातच राहते.

मोबाइलवर बँकेचा संदेश येतो. त्यात 'डेबिटेड' असा शब्द दिसला आणि तुम्ही पैसे काढलेले नसतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. लगेच बँकेला कळवावे. आणि फोनवरून कोणी गुप्त आकडा विचारला, तर तो मुळीच सांगू नये.

'येणे' आणि 'देणे' हे तर रोजचे शब्द. पण ते कागदावर आले की उलटतात. सोसायटीची नोटीस येते: 'येणे बाकी ४,२०० रुपये.' घरातली म्हातारी माणसे खूश होतात, पैसे यायचे आहेत म्हणून! इथे एक खूण लक्षात ठेवा. कागद ज्याचा, शब्द त्याच्या तोंडचे. नोटीस सोसायटीची आहे. तेव्हा येणे म्हणजे सोसायटीला येणे. म्हणजेच तुमचे देणे. सगळे फेडून झाले की 'बेबाकी' दाखला मागून घ्यावा. बेबाकी म्हणजे बाकी नाही. त्यातला 'बे' वाचायचा राहिला, तर अर्थाचे पार वाटोळे होते.

आता जमिनीच्या कागदांकडे वळू. साठेखत आणि खरेदीखत. दोन्हींच्या शेवटी 'खत'. हे शेतात टाकायचे खत नव्हे, खत म्हणजे लेख. साठेखताचा धान्याच्या साठ्याशीही संबंध नाही. 'ही जमीन मी तुला पुढे विकीन' असा करार म्हणजे साठेखत. 'ही जमीन मी तुला विकली' असा लेख म्हणजे खरेदीखत. विकीन आणि विकली! क्रियापदाचे शेवटचे अक्षर पाहा. सारा व्यवहार त्या अक्षरात आहे.

१८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने जमिनीत मालकी मिळत नाही. अट पाळली नाही तर कोर्टात भांडता येते, एवढेच. पण माणसे साठेखतावर निम्म्याहून जास्त पैसे देतात, कागद ट्रंकेत ठेवतात आणि शेत कसू लागतात. दहा वर्षांनी विकणारा वारतो. त्याची मुले म्हणतात, "आम्हांला काही ठाऊक नाही." तेव्हा कागद बाहेर निघतो आणि त्यावर 'विकीन' असते. विकत घेणाऱ्याने खरेदीखत लिहून घ्यावे, ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावे आणि नंतर सातबाऱ्यावर आपले नाव लागले की नाही ते पाहावे.

सातबाऱ्यावर नाव लागताना 'फेरफार' होतो. हाही शब्द फसवा. बोलताना आपण म्हणतो, "त्याने हिशेबात फेरफार केला," म्हणजे लबाडी केली. चावडीवर तसे नाही. तिथे फेरफार म्हणजे हक्क बदलल्याची नोंद. फेरफाराची नोटीस आली म्हणून घाबरू नये, पण ती चुलीतही घालू नये. काय बदलते आहे ते वाचावे. हरकत घ्यायची असेल, तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी घ्यावी. त्याच सातबाऱ्यावर 'पोटखराबा' असे दिसेल. त्याचा पोटदुखीशी संबंध नाही! त्या गटातली जी जागा पिकाला निरुपयोगी, खडक-ओढ्याची, ती पोटखराबा.

पुढची जोडी बायाबापड्यांनी दोनदा वाचावी. वारसनोंद आणि हक्कसोडपत्र. वडील गेले. भाऊ म्हणतो, "ताई, वडलांच्या नोंदीसाठी तुझी सही हवी." ताई माहेरच्या मायेने सही करते. वारसनोंदीत तिचे नाव लागते. हक्कसोडपत्राने तिचे नाव जाते. दोन्ही कागदांत वडलांचे नाव, गट नंबर आणि भावंडांची यादी असते. म्हणून वरवर ते जुळे दिसतात. हक्कसोडपत्रात मात्र 'सोडून दिला आहे', 'हक्क राहिलेला नाही' असे शब्द येतात. ते शोधावे.

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. बहिणीने आपखुशीने हक्क सोडला, तर तो तिचा विचार. त्यात कोणी बोलू नये. पण आपण सोडतो आहोत हे न कळता सोडणे, याला आपखुशी म्हणत नाहीत. भावानेच कागद मोठ्याने वाचून दाखवला, तर बरे दिसेल.

बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांचेही असेच. बक्षीसपत्र नोंदवले की मिळकत लगेच जाते. देणारा जिवंत असतानाच जाते, आणि ती सहसा परत मागता येत नाही. सांभाळ करण्याच्या अटीवर दिले आणि सांभाळ केला नाही, तर २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली दाद मागता येते. पण मग तशी अट कागदात लिहिलेली बरी. मृत्युपत्राचे उलट आहे. करणारा हयात आहे तोवर मिळकत त्याचीच, आणि तो ते पत्र केव्हाही बदलू शकतो.

शेवटी मापाचे दोन शब्द: गुंठा आणि आर. दोन्ही जवळजवळ सारखे. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित मोठा, सुमारे १०१ चौरस मीटर. फसगत होते ती वरच्या मापात. ४० गुंठ्यांचा एकर होतो, आणि १०० आरचा हेक्टर होतो. सातबाऱ्यावर १.२० लिहिले असेल, तर तो एक एकर वीस गुंठे नव्हे. तो एक हेक्टर वीस आर. म्हणजे १२० आर, जवळजवळ तीन एकर. एकर-गुंठे समजून वाचलेत, तर ६० गुंठेच होतील. अर्धे रान तोंडातल्या तोंडात गेले! विकताना हा आकडा कसा वाचायचा, हे माहीत हवे.

आता खालच्या ओळी वाचा. पैसा कोणाकडून गेला, हक्क कोणाकडे राहिला, ते शेजारी बसलेल्याला सांगा. त्याचे उत्तर वेगळे आले, तर ओळ पुन्हा वाचा.

खात्यावर ५०० रुपये नावे पडले.

बचत गटाच्या पत्रात लिहिले आहे: येणे ३,००० रुपये.

काकांनी जामीन म्हणून सही केली. मामांनी साक्षीदार म्हणून सही केली.

आईने थोरल्या मुलीला शेताचे बक्षीसपत्र नोंदवून दिले.

आईने थोरल्या मुलीसाठी मृत्युपत्र केले. आई हयात आहे.

सदर मिळकत लिहून घेणार यांना विकण्याचे कबूल केले आहे.

क्षेत्र ०.८० हेक्टर. एकर किती?