ओसाड सोसायटीची बाग : रोपं नव्हे, वर्षभराची देखभाल विका

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कमी भांडवलात सुरू होणारा बागकामाचा व्यवसाय बघितला. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न असतो, "सर, नर्सरी टाकायला जागा नाही, मग काय करू?" तर या कामाला नर्सरी लागत नाही. लागतं ते माती ओळखणारं डोकं, हिशोबाची वही आणि वर्षभर टिकून राहण्याची तयारी. हा धडा शांतपणे वाचा आणि शेवटचा गृहपाठ नक्की करा.

उदाहरणासाठी जागा घेऊ पन्हाळा. कोल्हापूरपासून साधारण २० किलोमीटर. वर गड, खाली बुधवार पेठ, पुढे वाघबीळपर्यंतचा रस्ता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात पन्हाळा आहे. साहजिकच अशा जागी घर, फ्लॅट, बंगला घेणारे वाढतात. पण यातली बरीच घरं सुट्टीपुरती उघडतात. मालक पुण्या-मुंबईला. जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, गवत कमरेएवढं वाढतं, उन्हाळ्यात तेच वाळून जातं. दोन-चार वर्षांत चांगलं कॉम्प्लेक्स ओसाड दिसायला लागतं.

आधी आजार ओळखा

सोसायटी ओसाड पडते ती झाडं नाहीत म्हणून नव्हे. क्रम असा असतो : काही जण मेंटेनन्स थकवतात, म्हणून माळी बंद होतो. माळी बंद झाला की आवार बिघडतं. आवार बिघडलं की पैसे भरणारेही म्हणतात, "कशाला भरायचे? काय दिसतंय का काम?" मग वसुली आणखी घसरते.

बागेचा उपयोग इथे आहे. लिफ्टची दुरुस्ती, टाकीची सफाई ही कामं दिसत नाहीत. गेटजवळची बाग येता-जाता रोज दिसते. पैसे भरले तर काम होतं, याचा तो पुरावा असतो. सेक्रेटरींशी बोलताना हेच बोला. "साहेब, झाडं लावून देतो" असं म्हणू नका. "साहेब, दिवाळीला घरी येणाऱ्या सभासदाला गेटवरच फरक दिसेल असं करून देतो," असं म्हणा.

पाहणी : अर्धा दिवस, पाच गोष्टी

१. माती. पन्हाळ्याची जमीन जांभ्याची. पाणी पटकन झिरपतं, पावसात अन्नद्रव्यं वाहून जातात, माती आम्लधर्मी असते. पण कॉम्प्लेक्समध्ये खरा शत्रू वेगळाच असतो, तो म्हणजे बिल्डरने पुरलेला राडारोडा. वर सहा इंच लाल माती, खाली विटा, सिमेंट, फरशीचे तुकडे. म्हणून चार ठिकाणी दीड-दीड फूट खोदून बघा आणि खड्ड्यात पाणी ओतून थांबा. तासाभरानेही पाणी तसंच असेल तर तिथे झाड कुजणार. माती परीक्षण करून घ्या, खर्च किरकोळ असतो आणि अहवाल दाखवला की समोरच्याचा विश्वास बसतो.

२. पाणी. पावसाळ्याचं विचारू नका, एप्रिल-मेचं विचारा. टँकर येतो का? बोअर आटते का? त्या उत्तरावर बागेचा आकार ठरतो.

३. उतार. २०२१ च्या जुलैमध्ये अतिवृष्टीत पन्हाळगडाचा मुख्य रस्ताच खचला होता. इथे उताराशी खेळायचं नाही. संरक्षक भिंतीतली पाणी जायची भोकं माती-गवताने बुजलेली असतील तर आधी ती मोकळी करा. उताराच्या कडेला मोठे खड्डे घेऊ नका. तिथे वाळा लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

४. ऊन, सावली, वारा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेक फोटो काढा. गडावर आणि माथ्यावर वारा जोराचा, तिथे उंच नाजूक रोप टिकत नाही.

५. परवानगी. नगरपरिषद हद्दीत जुनं झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. "वाळलंय की" म्हणून परस्पर कुऱ्हाड लावू नका. गडावर दुसरी गोष्ट : संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट असते. ओटा, कारंजं, भिंत असलं काही सुचवण्याआधी लेखी विचारणा करा.

काय लावायचं?

नवीन माणूस नर्सरीत जातो आणि जे फुललेलं दिसतं ते उचलतो. महिनाभर फोटो छान येतात, मार्चमध्ये सगळं खराटा. तुम्ही उलट करा. आधी जागेचे भाग पाडा, मग प्रत्येक भागाला झाड शोधा.

* गेट आणि मुख्य रस्ता : बकुळ, सोनचाफा, तामण. तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, सभासदांना सांगायला बरं. आणि चाफ्याचं पन्हाळ्याशी जुनं नातं आहे : शिवाजी महाराजांनी सोमेश्वराला लाख चाफ्याची फुलं वाहिली अशी इथली परंपरा सांगते. अशी गोष्ट झाडाशी जोडली की लोक त्या झाडाला जपतात.
* कुंपण : जास्वंद, तगर, अडुळसा, मेंदी. छाटणी सोपी, पाणी कमी.
* सावलीतला ओलसर भाग : सोनटक्का, हळद, नेचे.
* उतार : वाळा, गवती चहा.
* घरांजवळ : कढीपत्ता, तुळस, गवती चहा. यातून काकू-ताईंना रोज काहीतरी तोडायला मिळतं, आणि जिथून तोडायला मिळतं तिथे पाणी घालणारे हातही मिळतात.

टाळायचं काय? भिंतीला चिकटून उगवलेले वड-पिंपळ, पाइपलाइन आणि सेप्टिक टँकजवळ मोठी झाडं, मुलांच्या खेळायच्या जागेत विषारी कण्हेर. आणि मोठं लॉन! लॉनला पाणी, कापणी, खत सतत लागतं. ज्या सोसायटीचा मेंटेनन्स थकलाय तिला लॉन विकणं म्हणजे आपलंच नाव खराब करून घेणं.

हा विचार मोठ्या जगातही चालतो. लंडनच्या बार्बिकन या प्रसिद्ध निवासी संकुलात इमारतींमधल्या छतावरची बाग गळतीच्या दुरुस्तीसाठी काढावी लागली. नंतर नायजेल डनेट या तज्ज्ञांनी तिथे पाणी कमी मागणारी, पातळ मातीत तगणारी आणि वर्षातला बराच काळ फुलणारी झाडी बसवली. सिंगापूरने २००५ मध्ये 'कम्युनिटी इन ब्लूम' हा उपक्रम सुरू केला, त्यात वसाहतींमधल्या बागा रहिवासीच सांभाळतात. आपण दोन्हीकडून एकेक गोष्ट घ्यायची : झाड जागेला शोभेल असं, आणि काळजीत रहिवाशांचा वाटा.

स्थानिक झाडं प्रत्यक्ष बघायची असतील तर कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं वनस्पती उद्यान आहे. एक दिवस वही घेऊन फिरा.

वेळापत्रक

मे महिन्यात साफसफाई, राडारोडा काढणं, खड्डे, शेणखत. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस झाला की लागवड. जुलैच्या झोडपणीत लागवड करू नका. खत वाहून जातं आणि रोपं आडवी होतात. जून हुकला तर ऑगस्टच्या शेवटी उघडीप बघून करा. प्रत्येक मोठ्या रोपाला काठीचा आधार द्या, पण सुतळी सैल बांधा. ऑक्टोबरमध्ये वाळलेल्या गवताचं, पाल्याचं आच्छादन करा, म्हणजे ओल टिकते. नोव्हेंबर ते मे ही खरी परीक्षा.

आता हिशोब

समजा २४ फ्लॅटचं कॉम्प्लेक्स आहे. खालचे दर फक्त उदाहरणाला आहेत, तुमच्या गावातले दर विचारून भरा.

* सफाई : १२ हजेऱ्या × ६०० = ७,२००
* राडारोडा : ३ खेपा × १,५०० = ४,५००
* शेणखत : २ ट्रॉली × ४,००० = ८,०००
* चांगली माती : २ खेपा × ३,५०० = ७,०००
* मोठी रोपं : १० × ३५० = ३,५००
* झुडपं : १२० × ६० = ७,२००
* जमीन झाकणारी रोपं : ४०० × १५ = ६,०००
* काठ्या, सुतळी, आच्छादन = ३,०००
* ठिबक आणि पाइप = ९,०००
* खड्डे, लागवड : १४ हजेऱ्या × ६०० = ८,४००
* मर झालेली रोपं बदलायला = १,७००
* प्रवास आणि किरकोळ = ४,५००

एकूण ७०,०००. त्यावर २० टक्के नफा १४,०००. कोटेशन ८४,०००, म्हणजे फ्लॅटमागे ३,५००.

इथे बहुतेक जण थांबतात. तुम्ही पुढचं पान लिहा. देखभाल, दरमहा : ८ हजेऱ्यांचे ४,८००, खत-औषध ७००, प्रवास ५००, म्हणजे ६,००० खर्च. तुमचे १,८०० धरून बिल ७,८००, फ्लॅटमागे ३२५ रुपये. वर्षाला तुमच्या हातात १,८०० × १२ = २१,६००. बघा, ८४ हजारांच्या मोठ्या कामात १४ हजार आणि महिन्याच्या छोट्या बिलात २१,६००! अशी पाच कॉम्प्लेक्स झाली की महिन्याला ९,००० ठरलेले. म्हणूनच देखभाल विका म्हणतोय.

आता धोक्याची बाजू. २४ पैकी ९ फ्लॅट बंद आहेत आणि पैसे भरत नाहीत असं धरा. बागेच्या नावाने गोळा होणार १५ × ३२५ = ४,८७५. तुमचा खर्चच ६,००० आहे! कागदावर करार सोसायटीशी आहे, पण तिजोरीत पैसा नसेल तर उधारी तुमच्याच वहीत वाढणार आणि मजुराला शनिवारी पगार तुम्हालाच द्यायचाय. म्हणून कोटेशनच्या आधी हा प्रश्न विचारायला लाजू नका : "साहेब, दरमहा प्रत्यक्ष किती जण भरतात?"

उत्तर १५ आलं तर काम सोडू नका, काम लहान करा. पहिल्या वर्षी फक्त गेट आणि मुख्य रस्ता, त्याचं देखभालीचं बिल १५ जणांना पेलेल एवढंच. आवार बदललेलं दिसलं आणि भरणारे वाढले की दुसऱ्या वर्षी कुंपण, तिसऱ्या वर्षी मागचा भाग.

पैसे कसे घ्यायचे?

४० टक्के आगाऊ, ४० टक्के लागवड झाल्यावर, २० टक्के ९० दिवसांनी रोपं मोजून. ८४,००० चे होतात ३३,६००, ३३,६०० आणि १६,८००. म्हणजे लागवड संपेपर्यंत हातात ६७,२००, खर्च ७०,०००. तुमचे २,८०० अडकलेत आणि पूर्ण नफा शेवटच्या हप्त्यात आहे. रोपं जगली तरच कमाई, ही अट स्वतः देणारा माणूस सोसायटीला खरा वाटतो. पण करारात हेही लिहा : पाणी देण्याची जबाबदारी कोणाची, मोकाट जनावरांनी खाल्लं तर बदलीचा खर्च कोणाचा, ९० दिवसांत बिल किती तारखेला.

आणखी एक. कमिटीच्या खर्चाला सोसायटीच्या उपविधीत मर्यादा असते. रक्कम मोठी असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. ठरावाची प्रत हातात आल्याशिवाय माती टाकू नका. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होत असते. तिथे दहा मिनिटं मागून घ्या, फोटो दाखवा. पुढच्या जूनचं काम तिथेच ठरतं.

कागदपत्रांचं थोडक्यात : उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या. नुसती सेवा देत असाल तर २० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. तरी बिलबुक पहिल्या दिवसापासून ठेवा, बिलाशिवाय सोसायटी पैसे देणार नाही.

गृहपाठ

१. तुमच्या दहा किलोमीटरच्या आतली तीन दुर्लक्षित कॉम्प्लेक्स शोधा आणि प्रत्येकात पाहणीच्या पाच गोष्टी लिहा.
२. एका ठिकाणच्या सेक्रेटरींना भेटून "किती जण भरतात" एवढं विचारून या.
३. तुमच्या भागातली हजेरी, शेणखताची ट्रॉली आणि रोपांचे दर विचारून वरचा तक्ता स्वतःच्या आकड्यांनी भरा.
४. देखभालीचं मासिक बिल आधी काढा, लागवडीचं कोटेशन नंतर.

चौथा मुद्दा उलटा वाटेल, पण तोच या धड्याचा गाभा आहे. जेवढी बाग सोसायटीला दरमहा पोसता येते, तेवढीच लावायची. तक्ता भरून झाला की कॉमेंटमध्ये फक्त दोन आकडे लिहा : देखभालीचं बिल आणि भरणाऱ्यांची संख्या. काम घ्यायचं की लहान करायचं, ते त्या दोन आकड्यांवरूनच कळतं.

भेटू पुढच्या धड्यात. वही-पेन घेऊन या!