पाठ ७ : पावसाळी रस्ता, पिकअपचा टायर आणि टायरची आरडी

या पाठात काय शिकाल?
• ओल्या रस्त्यावर टायर का घसरतो आणि कोणता टायर घ्यावा
• टायरची खरी किंमत दुकानातल्या भावावरून नव्हे, किलोमीटरवरून कशी काढावी
• टायरचे पैसे कर्ज न काढता कसे उभे करावेत
• अपघात झाला तर विमा टायरचे किती पैसे देतो

एफडी मोडायला आलेले मामा

मी बंगळुरूच्या यशवंतपूर भागातील एका शाखेत काम करते. बाजार समितीचे आवार जवळ असल्याने आमच्या खातेदारांत कांदा-बटाट्याचे हमाल, अडते आणि छोट्या मालवाहू गाड्यांचे मालक बरेच आहेत. त्यांतले एक मामा मूळचे खानापूर तालुक्यातले. स्वतःची पिकअप स्वतःच चालवतात. एका ऑक्टोबरात ते काउंटरवर आले ते हाताला पट्टी बांधूनच. "मॅडम, लेकीच्या नावची एफडी मोडायची हाय," म्हणाले.

कारण विचारले. तुमकूरला माल उतरवून संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन परत येत होते. नेलमंगलाच्या अलीकडे पाऊस लागला. पुढच्या गाडीने ब्रेक मारला, यांनीही मारला, पण पिकअप थांबली नाही. मागून फिरली आणि दुभाजकाला जाऊन धडकली. हातावर निभावले.

"टायर तर नवेच होते की ओ! सहा महिन्यांमागं घातलेले. चांगले दणकट, ऑल-टेरेन. दुकानदार म्हणाला, कसल्याही रस्त्यावर चालतंय."

घोटाळा याच समजुतीत आहे. कसल्याही रस्त्यावर चालणारा टायर ओल्या डांबरावर चांगला थांबेलच, असे नाही. अपघाताला टायर हे एकच कारण होते, असेही मी म्हणणार नाही. वेग होता, गाडी रिकामी होती, अंधार पडत होता. पण टायर निवडताना मामांनी जो प्रश्न विचारायला हवा होता, तो त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

ओल्या रस्त्यावर काय होते?

टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाणी आले की पकड कमी होते. टायरवरच्या खोबणी शोभेसाठी नसतात. चाकाखालचे पाणी बाजूला काढून देणे हे त्यांचे काम. खोबणी झिजल्या किंवा वेग जास्त झाला की पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही. मग टायर रस्ता सोडून पाण्याच्या थरावर तरंगतो. अशा वेळी स्टिअरिंग हलके लागते आणि ब्रेक दाबूनही उपयोग होत नाही.

हवेचा दाबही महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेत १९६०च्या दशकात विमानांच्या चाकांवर प्रयोग झाले. त्यांतून दिसले की हवेचा दाब जितका कमी, तितक्या कमी वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो. म्हणजे हवा कमी ठेवली की पकड वाढते, ही समजूत चिखलात किंवा वाळूत कामाची असली तरी पाणी साचलेल्या डांबरी रस्त्यावर उलटी पडते. रिकामी पिकअपही धोक्याची असते. मागच्या चाकांवर वजन नसते, त्यामुळे मागची बाजू लवकर सुटते.

बंगळुरूत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. इथे एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठा पाऊस होतो. बऱ्याच दिवसांच्या उन्हानंतर येणाऱ्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळते. ती पहिली काही मिनिटे फार निसरडी असतात. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आउटर रिंग रोडवर बेळ्ळंदूरकडे रस्त्याची तळी झाली, ती तर सर्वांनी पाहिली आहेत.

ऑल-टेरेन की साधा टायर?

ऑल-टेरेन टायरला मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा असते. कुणी त्याला 'बटण टायर'ही म्हणते. ठोकळे खडीत आणि मातीत रुततात, रुंद जागेतून चिखल बाहेर पडतो. पण याच मोकळ्या जागेमुळे डांबराला टेकणारे रबर कमी होते. खडीवर टिकावे म्हणून रबरही बहुधा कडक असते. त्यामुळे ओल्या डांबरावर ब्रेक मारल्यावर असा टायर साधारणपणे रस्त्यावरच्या टायरपेक्षा पुढे जाऊन थांबतो.

रस्त्यावरच्या टायरला लांबीच्या दिशेने सरळ खोबणी असतात. दुकानात त्याला 'रिब' म्हणतात. ठोकळे असलेल्या आडव्या नक्षीला 'लग' म्हणतात. रिबमधून पाणी नीट वाहून जाते. ठोकळ्यांवर बारीक चिरा असतील तर त्या चिरांच्या कडाही ओल्या रस्त्यावर पकड देतात. म्हणून ऑल-टेरेन घ्यावाच लागणार असेल, तर चार-पाच प्रकार मागवून बारीक चिरा जास्त असलेला आणि मधली पट्टी जवळजवळ अखंड असलेला निवडा. टायरवर 'एम प्लस एस' लिहिलेले असते. त्याचा अर्थ चिखल आणि बर्फ. ते पाहून ओल्या डांबरावरच्या पकडीची खात्री धरू नका.

मग कोणता घ्यावा? एक आठवडा वही ठेवा. रोज किती किलोमीटर डांबरावर किंवा काँक्रीटवर झाले आणि किती कच्च्या रस्त्यावर, ते लिहा. मामांच्या वहीत शंभरपैकी पंच्याण्णव किलोमीटर पक्क्या रस्त्याचे निघाले. त्यांनी पाच किलोमीटरसाठी टायर घेतले होते आणि पंच्याण्णव किलोमीटर त्याची किंमत मोजत होते. याउलट होसकोटे किंवा दोड्डबळ्ळापूरकडे बांधकामावर खडी टाकणाऱ्याला किंवा शेतातून माल उचलणाऱ्याला ऑल-टेरेन योग्य ठरेल. त्याने डांबरावर आल्यावर वेग कमी ठेवावा आणि पुढच्या गाडीपासून जास्त अंतर राखावे. शिराडी किंवा चोर्ला घाटातून पावसात जाणाऱ्यांनी तर नक्षीइतकेच खोबणीच्या खोलीकडे पाहावे.

दुकानात पाहायच्या सहा गोष्टी

१. आयएसआय खूण. वाहनांच्या टायर-ट्यूबसाठी २००९च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने ही खूण सक्तीची केली आहे.

२. ओल्या रस्त्यावरची पकड. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये कार, हलके ट्रक आणि ट्रक-बसच्या टायरसाठी ओली पकड, फिरताना होणारा रोध आणि आवाज यांची मानके लागू करणारी अधिसूचना काढली. मानकाचे नाव एआयएस १४२. दुकानदाराला विचारा, "हा टायर एआयएस १४२ प्रमाणे आहे का?"

३. बनवल्याची तारीख. टायरच्या बाजूला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. टायर उभ्या-उभ्याही जुना होतो आणि रबर कडक होते. स्वस्त म्हणून पडून राहिलेला माल घेऊ नका.

४. भार. टाटा एससारख्या छोट्या गाडीवर '१४५ आर १२ एलटी ८पीआर' असे लिहिलेले आढळते. यातील पीआर म्हणजे भार पेलण्याची श्रेणी. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा आणि श्रेणीपेक्षा कमी टायर कधीही घालू नका.

५. खोबणी पुन्हा कोरलेली नाही ना? सेकंडहँड टायरला कटिंग मारून नवा भासवतात. रबर आधीच पातळ झालेले असते, वरून कोरल्यावर ते आणखी पातळ होते.

६. जीएसटी बिल. नव्या टायरवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. "बिल नको असेल तर कमी करतो," असे कुणी म्हणाले तर नकार द्या. बिल नसेल तर वॉरंटी मागता येत नाही आणि विम्यालाही पुरावा राहत नाही.

हिशेब : एका किलोमीटरला किती?

खालचे भाव उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमचे आकडे घालून पाहा.

• रस्त्यावरचा नवा टायर : ७,५०० रुपये × ४ = ३०,००० रुपये. चालतो ४०,००० किमी. एका किमीला ७५ पैसे.
• नवा ऑल-टेरेन : ९,००० रुपये × ४ = ३६,००० रुपये. चालतो ४०,००० किमी. एका किमीला ९० पैसे.
• कटिंग मारलेला सेकंडहँड : ३,००० रुपये × ४ = १२,००० रुपये. चालतो १०,००० किमी. एका किमीला १ रुपया २० पैसे.

दुकानात सर्वांत स्वस्त दिसणारा टायर रस्त्यावर सर्वांत महाग पडतो.

आता सुरक्षेचा हिशेब. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. त्यांना टीडब्ल्यूआय म्हणतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर खोली उरली, टायर संपला. पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याआधीच उतरू लागते. म्हणून पावसात चालणाऱ्यांनी ३ मिलिमीटरला टायर बदलावा, हे बरे. मोजायला आगकाडी पुरते. खोबणीत उभी धरा, नखाने खूण धरा, पट्टीवर मोजा.

नवा टायर ८ मिलिमीटरचा धरला, तर ३ मिलिमीटरपर्यंत तो ४०,०००ऐवजी सुमारे ३१,००० किमी चालेल. रस्त्यावरच्या टायरचा खर्च ७५ पैशांवरून सुमारे ९६ पैसे होतो, म्हणजे एका किमीला २१ पैसे जास्त. महिन्याला २,००० किमी चालणाऱ्या गाडीला हे ४२० रुपये पडतात. हा तुमच्या जिवाचा हप्ता समजा.

पैसे कुठून आणायचे?

महिन्याला २,००० किमी धरले तर ३१,००० किमी साधारण १५ महिन्यांत होतात. म्हणजे पुढचा टायर कधी लागणार, हे आजच ठाऊक आहे. ज्याची तारीख माहीत आहे तो खर्च अचानक आला असे म्हणता येत नाही. त्यासाठी आरडी हे सोपे साधन आहे.

दरमहा २,००० रुपये × १५ महिने = ३०,००० रुपये. व्याजदर साडेसहा टक्के धरला तर वर सुमारे १,३०० रुपये व्याज. गाडी महिन्याला २६ दिवस चालत असेल तर रोज ८० रुपये बाजूला काढले की हप्ता निघतो.

तेच ३०,००० रुपये १६ टक्क्यांनी एका वर्षासाठी कर्जाऊ घेतले, तर महिन्याला सुमारे २,७२० रुपये हप्ता आणि एकूण व्याज सुमारे २,६६० रुपये. आरडीत मिळणारे व्याज आणि कर्जावर जाणारे व्याज, दोन्ही मिळून फरक जवळपास ४,००० रुपयांचा. अर्ध्याहून जास्त टायर त्यात येतो! 'बिनव्याजी हप्ता' दिसला तर रोखीचा भाव विचारा. रोखीत मिळणारी सूट हप्त्यात जात असेल, तर तेच व्याज.

बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका खातेदाराच्या सर्व ठेवी मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत. आरडीही त्यात येते.

धंदा वाढवायला गाडीच घ्यायची असेल तर मुद्रा योजनेची चौकशी शाखेत जरूर करा. पण झिजणाऱ्या वस्तूसाठी पुन्हा पुन्हा कर्ज काढू नका.

विमा काय देतो?

मामांना वाटत होते, विमा सगळे भरून देईल. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत फक्त टायर फुटला किंवा फाटला तर भरपाई नसते. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरचे पैसे मिळू शकतात, तेही फार तर बदलण्याच्या खर्चाच्या निम्मे. दोन टायर १५,००० रुपयांचे असतील तर फार तर ७,५०० विम्याचे, उरलेले तुमचे. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीला काहीच नाही. तुमच्या पॉलिसीत काय आहे ते आज घरी जाऊन वाचा.

मामांनी काय केले?

लेकीची एफडी आम्ही मोडली नाही. त्यांच्या बचत खात्यात थोडे होते, दुरुस्तीला विम्याचे काही आले. उरलेल्या रकमेसाठी एफडीवर कर्ज दिले. त्यामुळे ठेव तशीच राहिली. मागचे दोन टायर त्यांनी लगेच बदलले, पुढचे दोन महिन्याभराने. आणि जाताना २,००० रुपयांची आरडी उघडली. पासबुकाच्या मुखपृष्ठावर त्यांनी पेनाने लिहून ठेवले आहे : 'टायर'. त्या पैशाला घरात दुसरे कुणी हात लावत नाही.

लक्षात ठेवा
• टायर रस्ता पाहून घ्या, रूप पाहून नको.
• एका आसावरचे दोन्ही टायर एकाच प्रकारचे, एकदमच बदला.
• हवा महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना, स्टेपनीसकट तपासा.
• खोली ३ मिलिमीटर झाली की आरडी मोडायची नाही, तर आरडी पूर्ण व्हायची वेळ आलेली असावी.

स्वतः करून पाहा
१. तुमच्या गाडीच्या चारही टायरवरचे चार आकडे आणि खोबणीची खोली लिहा.
२. महिन्याचे किलोमीटर काढा. पुढचे टायर किती महिन्यांनी लागतील?
३. चार टायरच्या किमतीला त्या महिन्यांनी भागा. येणारा आकडा घेऊन शाखेत या. आरडी त्याच रकमेची उघडू.