परदेशातील चालते घर आणि गॅसची टंकी : एक अभ्यासपाठ



आपल्या इंदुरात गॅसची टंकी संपली तर आपण काय करतो? दुसरी भरलेली असली तर ती लावतो, नसली तर शेजारच्या काकूंकडे एका दिवसाची सोय होते. पण हीच टंकी परदेशात, चालत्या घरात संपली तर? हा प्रसंग २०२३ च्या मे महिन्यात आमच्यावर आला. त्यातून आम्ही जे शिकलो, ते या पाठात मांडत आहोत. यातले विज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे.

आमची मुलगी व जावई जर्मनीत राहतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा जावयांनी चार आठवड्यांसाठी मोटरहोम भाड्याने घेतले. मोटरहोम म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेली मोठी गाडी. शेगडी, फ्रिज, गरम पाणी आणि हीटर ही चारही कामे त्यात गॅसवर होतात. जर्मनीतून फ्रान्समार्गे स्पेन आणि परत, असा बेत होता. गाडीत ११ किलोच्या दोन टंक्यांची जागा होती, पण वजन वाचवावे म्हणून आम्ही एकच घेतली. हिशेब कुणीच केला नाही. जन्मभर मुलांना गणित शिकवणाऱ्या आम्हीही नाही.

टंकीलाही देश असतो

अठराव्या दिवशी स्पेनमध्ये टंकी संपली. रिकामी देऊन भरलेली घेऊ, असे आम्ही समजत होतो. दुकानदाराने हसून मान हलवली. युरोपात सरहद्द ओलांडताना बहुतेक ठिकाणी कुणी गाडी थांबवत नाही, पैसाही अनेक देशांत एकच चालतो. टंकीचे मात्र तसे नाही. जर्मनीत ५ व ११ किलोच्या टंक्या चालतात, फ्रान्समध्ये १३ किलोच्या, तर स्पेनमध्ये घरोघरी १२.५ किलोची केशरी टंकी दिसते. झडपेचा आकार वेगळा, रेग्युलेटर वेगळा. एका देशाची रिकामी टंकी दुसऱ्या देशात सहसा बदलून मिळत नाही.

मग मोटारीत एलपीजी भरणाऱ्या पंपावर का भरू नये? त्यासाठी वेगळी टंकी लागते. ८० टक्के भरताच आपोआप थांबणारी झडप तिच्यात असते. उष्णतेने द्रव फुगतो, म्हणून वर मोकळी जागा ठेवावीच लागते. साध्या टंकीत अशी झडप नसते. तिला पंपावर भरणे धोक्याचे आहे आणि अनेक ठिकाणी त्यास मनाई आहे. शिवाय पंपाच्या नळीची तोंडे युरोपात चार प्रकारची आहेत, म्हणून असे प्रवासी जोडतुकड्यांचा संच जवळ ठेवतात.

शेवटी अनेक देशांत मिळणारी २.७५ किलोची एक छोटी निळी टंकी जोडतुकड्यासह विकत घेतली. काम भागले, असे वाटले.

पिरेनीजमधली रात्र

परतताना स्पेन आणि फ्रान्स यांच्यामधल्या पिरेनीज पर्वतात उंचावर मुक्काम पडला. मे महिना, पण रात्री पारा शून्याजवळ आला. दोन वाजता हीटर बंद पडला. चार वर्षांच्या नातीला आधीच खोकला होता. टंकी हलवून पाहिली तर आत गॅस डुचमळत होता. मग हीटर का बंद पडला?

उत्तर सोपे आहे. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, ब्युटेन जेमतेम शून्याच्या खाली, उणे अर्ध्या अंशावर. आमच्या निळ्या टंकीत मुख्यतः ब्युटेन होता. त्यातच आणखी एक गोष्ट घडते. माठातले पाणी पाझरून वाफ होते तेव्हा माठ गार होतो ना? तसेच द्रवाचा वायू होताना टंकी स्वतःच गार होते. बाहेर दोन-तीन अंश असले तरी आतला ब्युटेन त्याहून गार होऊन बसतो. टंकीत गॅस आहे, पण तो बाहेर येत नाही.

टंकी आत घेऊन ऊब द्यावी, असे आम्हीच सुचवले. जावयांनी ठाम नकार दिला, आणि त्यांचेच बरोबर होते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून मोटरहोममध्ये टंकीचा कप्पा राहत्या भागापासून बंद असतो व त्याच्या तळाला गॅस निघून जायला भोक असते. टंकी आत आणली की ही सारी व्यवस्था फुकट. बाहेर घाटात दाट धुके होते, गाडी हलवणेही शक्य नव्हते. नातीला मध्ये घेऊन, होते नव्हते ते सारे पांघरून आम्ही पहाटेची वाट पाहिली. ती रात्र फार मोठी वाटली. सकाळी खाली उतरलो आणि फ्रान्समध्ये प्रोपेनची टंकी आणि तिला जुळणारा रेग्युलेटर घेतला.

जो हिशेब आधी करायला हवा होता

१ किलो एलपीजीपासून सुमारे १२.८ युनिट उष्णता मिळते. दीड किलोवॉटची शेगडी रोज दीड तास चालली तर २.२५ युनिट, म्हणजे साधारण १७५ ग्रॅम गॅस लागतो. वीज जोडलेली नसेल तर फ्रिजला दिवसाला सुमारे ३०० ग्रॅम. हीटर मंद आचेवर ताशी १६० ग्रॅम घेतो, आठ तास सतत चालला तर १२८० ग्रॅम. आता ११ किलोची टंकी किती पुरेल?

केवळ स्वयंपाक : ६२ दिवस.
स्वयंपाक व फ्रिज : २३ दिवस.
स्वयंपाक, फ्रिज व रात्रभर हीटर : फक्त ६ दिवस.

बघा, टंकी तीच, पण कुठे ६२ आणि कुठे ६! खरा खाऊ हीटर आहे. थंडीची एक रात्र सात दिवसांच्या स्वयंपाकाएवढा गॅस खाते.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. दोन टंक्या ठेवा. पहिली संपली त्याच दिवशी, दुसरी चालू असतानाच, सोय पाहा.
२. टंकी हलवून अंदाज करू नका, वजन करा. रिकाम्या टंकीचे वजन तिच्यावर लिहिलेले असते.
३. थंड प्रदेशात प्रोपेन घ्या. मुक्कामी वीज मिळत असेल तर फ्रिज व हीटर विजेवर चालवा.
४. सरहद्द ओलांडण्यापूर्वी त्याच देशात टंकी बदलून घ्या.
५. जहाजात वा बोगद्यात शिरण्याआधी टंकीचा कॉक बंद करा.
६. ऊब मिळवण्यासाठी बंद गाडीत शेगडी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याची चाहूल देणारे यंत्र गाडीत असावे.

आपल्यापैकी थोडेच जण मोटरहोमने फिरतील, हे आम्ही जाणतो. पण टंकी तर प्रत्येक घरात आहे. "अजून असेल" या भरवशावर घर चालवू नये, मोजून चालवावे, एवढेच त्या रात्रीने आम्हाला शिकवले. नात आता बरी आहे आणि मोठी झाली आहे. "आजी-आजोबांनी हिशेब केला नव्हता," असे ती सगळ्यांना सांगत असते!

स्वाध्याय (मोठ्यांच्या मदतीने करावा)

१. घरच्या टंकीवरचे रिकाम्या टंकीचे वजन वाचा. ते १५.३ किलो असून टंकी आज १९.३ किलो भरली, तर गॅस किती उरला? रोज १७५ ग्रॅम लागत असेल तर किती दिवस पुरेल?
२. टंकीच्या वरच्या पट्टीवर 'बी-२७' असे काही लिहिलेले असते. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या. तुमच्या टंकीच्या तपासणीची मुदत केव्हा संपते?
३. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे का, ते विचारा. नसेल तर आजच पाठ करून घ्या.