कृषी पर्यटन : पाहुण्यांच्या सुरक्षिततेची पूर्वतयारी



शेतीला जोडधंदा म्हणून कृषी पर्यटन आता आपल्याकडे चांगले रुजले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरणही आणले. हुरडा, बैलगाडीची फेरी आणि झाडावरून तोडलेले फळ यासाठी शहरातील कुटुंबे आवडीने येतात. परंतु ज्या शिवारात आपण अंधारातही चालतो, ते पाहुण्यांना संपूर्ण अनोळखी असते. म्हणून पुढील बाबींची तयारी हंगामापूर्वीच करावी.

१) शेततळे

प्लॅस्टिक अस्तराचे शेततळे हा सर्वांत मोठा धोका आहे. पाणी शांत व स्वच्छ दिसते, मुले हात घालण्यास वाकतात. ओल्या अस्तरावर शेवाळ धरते, उतारावर पाय ठरत नाही आणि धरावयास काहीच नसते. त्यामुळे पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही. त्याला वाचविण्यासाठी उडी घेणाराही तसाच अडकतो. यासाठी :

अ) तळ्याभोवती जाळीचे कुंपण घालून फाटकास कुलूप लावावे.
ब) चारही काठांवर भक्कम खुंट रोवून, फूटभर अंतराने गाठी मारलेले जाड दोर पाण्यात खोलवर सोडावेत.
क) हवा भरलेल्या ट्यूब व लांब बांबू काठावर कायम ठेवावेत.
ड) कोणी पडल्यास उडी न घेता दोर, बांबू किंवा ट्यूब द्यावी.

बाहेर काढल्यावर उलटे टांगण्यात किंवा पोट दाबण्यात वेळ घालवू नये. श्वास बंद असल्यास प्रथम तोंडाने श्वास द्यावा, नंतर छातीच्या मध्यभागी ३० वेळा दाब व २ श्वास हा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. ही क्रिया घरातील किमान दोघांनी डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी. विहिरीलाही कठडा व जाळी असावी.

२) सर्पदंश

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील प्रमुख विषारी साप आहेत. रात्री बॅटरी व बूट वापरण्यास सांगावे. जमिनीवर अंथरूण घालू नये, खाट व मच्छरदाणी द्यावी. मण्यारचा दंश अनेकदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखू लागले किंवा पापण्या जड झाल्या तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे टाळावे. दंश झालेला अवयव न हलविता रुग्णास न्यावे. प्रतिसर्पविष हाच खरा उपाय आहे.

३) वीज

वळवाच्या व परतीच्या पावसात विजेचा धोका जास्त असतो. गडगडाट ऐकू येताच फेरी थांबवून सर्वांना पक्क्या घरात आणावे. झाडाखाली थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांनीच बाहेर पडावे. मोबाईलवरील ‘दामिनी’ ॲपवरून पूर्वसूचना मिळते.

४) मधमाश्या व फवारणी

आग्या मोहोळाजवळ शेकोटी, धूर व दगड मारणे टाळावे. माश्या उठल्यास तोंड झाकून घराकडे पळावे. नांगी नखाने खरवडून लगेच काढावी. श्वास लागल्यास रुग्णालयात न्यावे. फवारणी केलेल्या प्लॉटमध्ये औषधाच्या लेबलवरील प्रतीक्षा कालावधी संपेपर्यंत पाहुण्यांना फळे तोडू देऊ नयेत. औषधे कुलपात ठेवावीत.

पाहुणे येण्यापूर्वी

आदल्या दिवशी मुलांच्या नजरेने शेताची एक फेरी मारावी. प्रतिसर्पविष कोणत्या रुग्णालयात मिळते याची खात्री करावी. त्याचा फोन व १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक दर्शनी भागी लिहावा. पाहुणे येताच चहाबरोबर पाच मिनिटे सूचना द्याव्यात.

कुंपण व दोराचा खर्च एकदाच येतो. त्या अभावी गेलेला जीव मात्र कोणत्याही उत्पन्नातून भरून येत नाही.