न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ साली स्थापन झाले. त्या काळी या न्यायालयाच्या दोन शाखा होत्या. खालच्या न्यायालयांतून आलेल्या अपिलांची सुनावणी एका शाखेत होई. तेथे या देशातील वकील काम चालवीत. दुसऱ्या शाखेत मुंबई शहरातील मोठमोठे दावे प्रथमच दाखल होत. व्यापाऱ्यांचे लाखो रुपयांचे व्यवहार, जहाजांचे विमे, वारसाहक्काचे तंटे असे ते दावे असत. या शाखेत बाजू मांडण्याचा मान बॅरिस्टरांकडे होता, आणि बॅरिस्टर म्हणजे इंग्रज असेच समीकरण होते. अशील हिंदी, पैसा हिंदी, तंटाही हिंदी. बोलणारा मात्र परका! ही स्थिती १८६७ च्या अखेरीस पालटली. त्या वर्षी तेवीस वर्षांचा एक तरुण विलायतेहून बॅरिस्टर होऊन मुंबईस परतला. त्याचे नाव बद्रुद्दीन तय्यबजी.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील तय्यबअली हे सुलेमानी बोहरा समाजातील व्यापारी. त्यांचे घराणे मूळचे खंबायतचे. तय्यबअलींची दृष्टी काळाच्या पुढे पाहणारी होती. समुद्र ओलांडून शिकावयास जाणे हे ज्या काळी धाडस समजले जाई, त्या काळी त्यांनी आपल्या मुलांना युरोपात शिक्षणासाठी धाडले. थोरले बंधू कमरुद्दीन हे इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत.

बद्रुद्दीन यांचे आरंभीचे शिक्षण मदरशात झाले. तेथे त्यांनी उर्दू आणि फारसी आत्मसात केली. पुढे ते एल्फिन्स्टन संस्थेत इंग्रजी शिकले. १८६० मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथील अभ्यास मात्र सरळ झाला नाही. त्यांचे डोळे लहानपणापासूनच अधू होते. कायद्याचे ग्रंथ जाडजूड, अक्षर बारीक. डोळ्यांनी असहकार पुकारला आणि १८६४ च्या अखेरीस अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मायदेशी परतावे लागले. दुसरा एखादा येथेच थांबला असता. घरी व्यापार चांगला चालला होता. पण वर्षभरातच बद्रुद्दीन पुन्हा बोटीवर चढले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टरीची परीक्षा पार करूनच आले.

नव्या बॅरिस्टरापुढे पहिला प्रश्न असतो तो कामाचा. बॅरिस्टराने अशिलाशी थेट व्यवहार करावयाचा नसतो. सॉलिसिटर कागदपत्रे तयार करून ते काम त्याच्याकडे सोपवितो. इंग्रज सॉलिसिटरांनी एका हिंदी तरुणास काम द्यावे कशाला? येथे थोरल्या बंधूंचा आधार मोलाचा ठरला. मात्र भावाच्या हातून काम मिळते, यश मिळत नाही. ते न्यायाधीशासमोर उभे राहूनच मिळवावे लागते. शांत बोलणे, मुद्द्यास धरून राहणे आणि साक्षीदाराची उलटतपासणी करताना आवाज न चढविणे या गुणांमुळे त्यांची वकिली लवकरच भरभराटीस आली. पुढच्याच वर्षी फिरोजशहा मेहता बॅरिस्टर होऊन आले. एक वाट रुळली होती.

१८७३ मध्ये बद्रुद्दीन मुंबई महापालिकेचे सभासद झाले आणि १८८२ मध्ये प्रांताच्या कायदेमंडळात गेले. याच सुमारास देशात एक मोठे वादळ उठले. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयक मांडले. मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांबाहेर एखाद्या गोऱ्या माणसावर खटला झाला, तर हिंदी मॅजिस्ट्रेटला तो चालविता येत नसे. ही विषमता दूर करणे एवढाच विधेयकाचा हेतू होता. पण गोऱ्या समाजाने त्याविरुद्ध आकाशपाताळ एक केले. त्या वेळी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये एप्रिल महिन्यात सभा भरली. तेथे मेहता, काशीनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी या तिघांनी विधेयकाची बाजू मांडली. एक पारशी, एक हिंदू आणि एक मुसलमान, तिघेही कायदेपंडित. शेवटी सरकारने माघार घेतली आणि विधेयकाचे दात पाडूनच ते संमत केले. या तिघांची जोड मात्र टिकली. १८८५ मध्ये त्यांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था स्थापन केली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत राष्ट्रीय सभेचे म्हणजे काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले.

काँग्रेसचे तिसरे अधिवेशन १८८७ मध्ये मद्रासला झाले. सहाशेहून अधिक प्रतिनिधी जमले होते. अध्यक्षस्थान तय्यबजींना देण्यात आले. काँग्रेसचे ते पहिले मुसलमान अध्यक्ष. मुसलमानांनी देशातील इतर समाजांपासून अलग राहून सुधारणा मागाव्या असे कोणतेही कारण आपणास दिसत नाही, असे त्यांनी अध्यक्षपदावरून स्पष्ट सांगितले. हे बोलणे सोपे नव्हते. अलीगढचे सर सय्यद अहमद खान यांच्यासारखे वजनदार पुढारी काँग्रेसच्या विरोधात होते. दोघांत पत्रव्यवहार झाला. प्रत्येक समाजाचे काही प्रश्न त्याचे स्वतःचे असतात, हे तय्यबजींना मान्य होते. परंतु करांसारखे प्रश्न सर्वांचेच असतात, मग तेथे वेगळे का राहावयाचे, असे त्यांचे म्हणणे होते. विरोध वाढतच गेला. तेव्हा १८८८ मध्ये त्यांनी काँग्रेसचे एक संस्थापक ह्यूम यांना लिहिले, की बहुसंख्य मुसलमान दूर राहत असतील तर अधिवेशने काही वर्षे स्थगित ठेवावी. ही सूचना स्वीकारली गेली नाही. स्वतः अध्यक्षपद भूषविलेल्या सभेविषयी असे लिहिताना त्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

१८९५ मध्ये सरकारने त्यांना मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश नेमले. त्या न्यायासनावर बसणारे ते पहिले मुसलमान. राजकारण बाजूला पडले. पण दोनच वर्षांनी राजकारण स्वतःच त्यांच्या दालनाशी येऊन उभे राहिले.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँड या अधिकाऱ्याच्या जुलमाने लोक संतापले होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडण्यात आली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. सरकार बिथरले. ‘केसरी’तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा आरोप ठेवून २७ जुलै रोजी त्यांना मुंबईत अटक करण्यात आली. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. उच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींपुढे अर्ज गेला. त्यांपैकी एक स्वतः न्यायमूर्ती रानडे होते. तेथेही नकार मिळाला. पुढे खटला सेशन्सकडे सोपविला गेला आणि ४ ऑगस्ट रोजी जामिनाचा अर्ज न्यायमूर्ती तय्यबजींपुढे आला. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर दावर उभे राहिले.

टिळकांचे राजकारण आणि तय्यबजींचे राजकारण यांत पुष्कळ अंतर होते. शिवाय गोऱ्या अधिकाऱ्याच्या खुनाने वातावरण तापलेले होते. तय्यबजींनी मात्र एकच प्रश्न विचारात घेतला: जामीन कशासाठी असतो? आरोपी खटल्याच्या दिवशी हजर राहावा, यासाठी. टिळक हजर राहणार नाहीत असे मानावयास काही कारण होते काय? नव्हते. खटला उभा राहण्यास महिना लागणार होता. तोवर त्यांना कोंडून ठेवले, तर बचावाची तयारी त्यांनी कशी करावी? आणि महिनाभर तुरुंगात काढल्यावर ते निर्दोष ठरले तर तो अन्याय कोणी भरून द्यावयाचा? टिळकांचे लेखन बरे की वाईट, याचा निर्णय त्या दिवशी करावयाचा नव्हता. त्यांनी जामीन मंजूर केला.

पुढे सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. नऊ पंचांपैकी सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरविले, तिघा हिंदी पंचांनी निर्दोष. बहुमत प्रमाण मानून टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. जामिनाने शिक्षा टळली नाही. पण बचावाची तयारी करण्यास टिळकांना मोकळे दिवस मिळाले, हे विसरून चालणार नाही. १८९७ मध्ये जामीन मागणारे दावर पुढे न्यायाधीश झाले. १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा तसाच खटला झाला, तेव्हा न्यायासनावर तेच होते. त्यांनी जामीन नाकारला आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली.

तय्यबजींच्या जीवनाची आणखी एक बाजू आहे. १८७४ मध्ये त्यांनी, कमरुद्दीन यांनी व इतर मित्रांनी ‘अंजुमन-ए-इस्लाम’ ही शिक्षणसंस्था मुंबईत सुरू केली. मुसलमान मुले नव्या शिक्षणात मागे पडत होती, याची त्यांना खंत होती. मुलींच्या शिक्षणाविषयी ते नुसते भाषण करून थांबले नाहीत. त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले. पडद्याच्या चालीस त्यांचा विरोध होता, आणि त्याबद्दल त्यांना स्वकीयांची टीका सोसावी लागली. १८९० पासून अखेरपर्यंत ते अंजुमनचे अध्यक्ष होते.

१९०२ मध्ये त्यांनी मुंबईच्या मुख्य न्यायाधीशपदाचे काम काही काळ हंगामी म्हणून पाहिले. त्या आसनावर तोवर एकही हिंदी माणूस बसला नव्हता. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. बोरीबंदर स्थानकासमोर अंजुमनची जुनी दगडी इमारत आहे. तेथे आजही शाळा भरते.