घर बदलताना परवान्याची बंदूक

ओमतीतील जुन्या घरातून बिऱ्हाड हलविताना परवान्याची बंदूक सामानाच्या टेम्पोत चढवू नये. त्या दिवशी हमाल, शेजारी, मुले यांची सतत ये-जा असते आणि कपाटाचे कुलूपही निघालेले असते. तोफगाड्यांचा कारखाना 1904 पासून असलेल्या जबलपुरास शस्त्र अनोळखी नाही. परिचयामुळेच कदाचित हयगय होते.

बांधाबांधीपूर्वी शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. स्वतः नेणे भाग असल्यास ते रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी. काडतुसे वेगळ्या कुलूपबंद पेटीत ठेवावीत. किल्ली परवानाधारकापाशीच असावी. माळा आणि गादीखालची जागा मुलांना ठाऊक असते. मुक्काम कायमचा दुसऱ्या जिल्ह्यात हलविल्यास शस्त्र नियम, 2016 नुसार 30 दिवसांत तेथील परवाना अधिकाऱ्यास लेखी कळवावे.

घरात कोणी खिन्न, अबोल झाले असेल किंवा फार मद्यपान करीत असेल, तर शस्त्र नव्या घरी आणण्याची घाई करू नये. ते जमाच राहू द्यावे. अशा वेळी ‘टेली मानस’च्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते. गोळी लागल्यास जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी, आत काही शोधू नये आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी.