जपानी मोटारीचा रेडिओ आणि नकाशा : कारीगरांसाठी एक धडा



आपल्या समाजातील अनेक मुले मोटारीच्या वायरिंगचे काम शिकतात. त्यांतील काही रोजीसाठी आखाती देशांत जातात, काही पूर्व आफ्रिकेत. मोंबासा, नैरोबी येथे कोकणी मुसलमानांची वस्ती जुनी आहे. आपले नातेसंबंध तेथे आजही टिकून आहेत. तेथे वायरिंगच्या दुकानात बसणाऱ्या मुलापुढे एक काम हमखास येते. जपानहून आलेल्या जुन्या मोटारीचा रेडिओ लागत नाही आणि पडद्यावरचा नकाशा उपयोगी पडत नाही. हे काम समजून केले तर चांगली कमाई आहे. न समजता केले तर गिऱ्हाइकाचे नुकसान आणि कारीगराची बदनामी.

२०१९ साली आम्ही मोंबासा येथे आमच्या भाच्याकडे गेलो होतो. त्याने नुकतीच जपानी मोटार घेतली होती. विकणाऱ्याने "सर्व सोयी चालू" असे सांगितले होते. प्रत्यक्षात रेडिओवर दोनच स्टेशने येत होती आणि पडद्यावर जपानी अक्षरे होती. गाडी एका दुकानात नेली. कारीगराने काम सुरू करताना बॅटरीची तार काढली. तार पुन्हा जोडल्यावर पडदा कोड मागू लागला, आणि होता तो रेडिओही बंद पडला. कारीगराची नियत वाईट नव्हती, त्याला माहिती नव्हती. पण पैसे गेले भाच्याचे. त्यानंतर आम्ही जाणकार कारीगरांजवळ बसून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

१) रेडिओ का लागत नाही?

जपानमध्ये वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असते. म्हणून तेथील जुन्या मोटारी केनिया, टांझानिया, युगांडा, पाकिस्तान, श्रीलंका, मॉरिशस, न्यूझीलंड अशा देशांत खपतात. मात्र जपानचा एफ.एम. पट्टा वेगळा आहे. तो पूर्वापार ७६ ते ९० मेगाहर्ट्झ. भारत, केनिया आणि बहुतेक जगात तो ८७.५ ते १०८. म्हणजे जपानी रेडिओला आपल्याकडची फक्त ८७.५ ते ९० मधली स्टेशने मिळतात. रेडिओ बिघडलेला नसतो. तो दुसऱ्या पट्ट्यासाठी बनवलेला असतो.

जपानमध्ये जुने टीव्ही प्रक्षेपण २०११-१२ मध्ये बंद झाले. त्यानंतर ९० ते ९५ ही जागाही एफ.एम.ला मिळाली. त्यामुळे अलीकडचे जपानी रेडिओ ९५ पर्यंत ऐकतात. गाडी आली की प्रथम बटण दाबून पट्टा कोठे संपतो ते पाहावे, ९० की ९५. पुढचा सर्व हिशेब त्यावर आहे.

ए.एम. रेडिओची अडचण नाही. जपान, भारत आणि पूर्व आफ्रिका येथे स्टेशनांमधले अंतर ९ किलोहर्ट्झ हेच आहे.

२) बँड एक्सपांडरचा हिशेब

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे बँड एक्सपांडर नावाची लहान डबी. ती एरियलची तार आणि रेडिओ यांच्या मध्ये बसते. तिला किल्लीबरोबर चालू होणारा १२ व्होल्टचा पुरवठा आणि गाडीच्या सांगाड्याची अर्थ द्यावी लागते. आत येणारी लहर ती ठरावीक अंकाने खाली आणते. डबी १४ ची असेल तर ९८.४ चे स्टेशन रेडिओवर ८४.४ ला लागते. डबीवरचा अंक वजा करायचा, एवढाच हिशेब.

पण येथे एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितली जात नाही. ७६ ते ९० हा पट्टा १४ मेगाहर्ट्झ रुंद आहे, ८७.५ ते १०८ हा साडेवीस. आम्ही कापडाचे व्यापारी आमच्या भाषेत सांगतो : चौदाच्या पन्ह्यात साडेवीसचा माल बसत नाही. १४ ची डबी लावली तर ९० ते १०४ मधली स्टेशने मिळतील, १०४ च्या वरची नाहीत. १८ ची लावली तर ९४ ते १०८ मिळतील, त्याखालची सुटतील. ९५ पर्यंतच्या नव्या रेडिओला १२ ची डबी लावली तर ८८ ते १०७ मिळतात, म्हणजे जवळजवळ सर्व.

म्हणून डबी विकण्यापूर्वी गिऱ्हाइकाला विचारावे : "तुम्ही कोणती स्टेशने ऐकता?" ती कागदावर लिहावीत आणि त्यांत बसणारा अंक निवडावा. आणखी एक पाहावे. १४ च्या डबीने १०२.५ चे स्टेशन ८८.५ ला येते. गावात ८८.५ लाच दुसरे जोरदार स्टेशन असेल तर दोन्ही आवाज मिसळतात. तेथे दुसऱ्या अंकाची डबी घ्यावी.

डबी लावूनही आवाज क्षीण असेल तर एरियल पाहावी. अनेक जपानी गाड्यांत एरियल काचेत असते आणि तिच्याजवळ लहान बूस्टर असतो. त्या बूस्टरला रेडिओकडून १२ व्होल्ट मिळतात. रेडिओ बदलताना ती तार जोडायची राहिली तर एरियल जवळजवळ मुकी होते.

३) नकाशा का चालत नाही?

उपग्रह सर्व जगाला सारखेच आहेत. गाडीचा जी.पी.एस. मोंबासातही उपग्रह पकडतो. कमी असतो तो नकाशा. तो डी.व्ही.डी., हार्ड डिस्क किंवा एस.डी. कार्डावर भरलेला असतो आणि केवळ जपानचा असतो. अशा संचात दुसऱ्या देशाचा नकाशा सहसा भरता येत नाही. "भाषा बदलली की नकाशा येईल" असे सांगणारा एकतर अजाण आहे किंवा फसवतो आहे. काही संचांची भाषा किंवा रेडिओचा पट्टा सॉफ्टवेअरने बदलता येतो. पण भाषा वेगळी आणि नकाशा वेगळा.

टीव्हीचेही तसेच. जपानची प्रक्षेपण पद्धत भारत आणि केनिया येथील पद्धतीहून निराळी आहे. तो चालू करून देण्याचा वायदा करू नये. काचेजवळचे टोलचे यंत्रही जपानबाहेर निकामी आहे.

टोयोटाच्या काही संचांत नकाशाचे एस.डी. कार्ड काढले किंवा बॅटरीची तार सुटली की संच कुलूपबंद होतो आणि कोड मागतो. भाच्याच्या गाडीत हेच झाले. म्हणून बॅटरीला हात लावण्यापूर्वी संचावरच्या चिठ्ठीचा मॉडेल व अनुक्रमांक उतरवून घ्यावा, कार्ड जागेवर आहे का पाहावे, आणि अशा संचाचा कोड मिळतो का याची चौकशी करावी.

४) संच बदलायचा असेल तर

मार्ग तीन आहेत. पहिला, जुना पडदा ठेवून त्याच्या व्हिडिओ इनपुटला वेगळा डबा जोडणे. दुसरा, पूर्ण संच बदलणे. तिसरा, रेडिओला डबी लावणे आणि नकाशासाठी मोबाइल वापरणे. तिसरा सर्वांत स्वस्त आहे, आणि पुष्कळ गिऱ्हाइकांना तेवढेच पुरते. कमाई कमी होते म्हणून तो लपवू नये.

संच बदलताना चार गोष्टी सांभाळाव्यात :

(अ) टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांतील जागा २०० मिलिमीटर रुंद असते, नेहमीचा दुहेरी संच १७८ चा. बाजूच्या पट्ट्या आधी आणून ठेवाव्यात.

(आ) टोयोटाच्या अनेक मागच्या कॅमेऱ्यांना ६ व्होल्ट लागतात. थेट १२ दिले तर कॅमेरा जळतो. आधी मीटरने मोजावे.

(इ) स्टिअरिंगवरची बटणे चालावीत म्हणून योग्य अडॅप्टर लागतो. तो भावात धरावा.

(ई) पिवळ्या वेष्टनाच्या तारा एअरबॅगच्या आणि नारिंगी जाड केबल हायब्रिड बॅटरीच्या असतात. यांना हात लावू नये. येथे रेडिओचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

भारतात हे काम कमी येते. जुन्या मोटारींच्या आयातीवर आपल्याकडे कडक अटी आणि मोठी जकात आहे. केनियात मात्र आठ वर्षांपर्यंतच्या जुन्या मोटारी आणता येतात. परदेशी जाणाऱ्या मुलाने म्हणूनच हे आधी शिकून जावे.

५) व्यवहाराची गोष्ट

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, बोटांना ओल लागली, आणि ओला माल वर का ठेवला नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ही हदीस आपण सर्व जाणतो. रेडिओची अर्धी स्टेशने लागणार नाहीत, ही या धंद्यातली ओल आहे. ती वर ठेवावी.

आमचा सल्ला असा की पावतीवर तीन ओळी लिहाव्यात : काय चालेल, काय चालणार नाही, आणि काम करताना संच कुलूपबंद झाला तर खर्च कोणाचा. त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी. गाडी विकणाऱ्या बंधूंनीही "सर्व सोयी चालू" असे मोघम बोलण्याऐवजी पडदा आणि रेडिओ गिऱ्हाइकासमोर लावून दाखवावा. ऐब सांगून विकलेल्या मालाची तक्रार परत येत नाही. लपवलेला ऐब गिऱ्हाईक तोडतो, आणि पुढची दहा गिऱ्हाइकेही.

भाच्याने शेवटी दुसऱ्या कारीगराकडून साधा संच बसवून घेतला. त्या कारीगराने आधीच सांगितले होते, नकाशा येणार नाही, मोबाइल वापरा. आज भाचा आपल्या ओळखीच्या प्रत्येकाला त्याच दुकानाचा पत्ता देतो.

अल्लाह आपल्या हुनरात आणि हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.